बोर्ड शाबूत, फिल्टर बंद: सोलापूर जिल्ह्यातली भटकंती

शुक्रवार : पुणे ते सोलापूर

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की रात्री दहाच्या सुमारास सोलापूर. संक्रांतीच्या आगेमागे जाणार असाल तर आरक्षण लवकर करा, सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे गाड्या भरलेल्या असतात. समोरच्या बाकावर एक आजोबा नातवाला गाडीचं नाव समजावत होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. दौंड यायच्या आत नातवाला चारही नावं पाठ होती, आणि कुर्डुवाडी येईपर्यंत आमच्या डब्यातल्या निम्म्या लोकांनाही.

मी एका लहानशा कौटुंबिक ट्रस्टसाठी अधूनमधून गावं बघून अहवाल लिहिते. त्यांच्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या पिण्याच्या पाण्याचा एक प्रस्ताव आला होता. कागदोपत्री उत्तम. पण खजिनदारबाई हुशार. म्हणाल्या, "आपण द्यायच्या आधी, इतरांनी दिलेल्याचं काय झालं ते बघून ये." तेवढ्यासाठी हा दौरा.

स्टेशनवर भाऊ न्यायला आले होते. वीस वर्षं वेगवेगळ्या संस्थांत क्षेत्र समन्वयक म्हणून काढली, आता मोहोळजवळ शेती करतात. जिल्ह्यातल्या कुठल्या बंधाऱ्यावर कोणाचा बोर्ड आहे हे त्यांना तोंडपाठ. मी लगेच उद्याच्या गावांची यादी काढली, तर म्हणाले, "आधी जेवू की मॅडम. प्रकल्प कुठं पळून जात न्हाईत. जे जायचे होते ते गेलेत आधीच."

होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली जत्रा, अजून भरलेला होता. पाळणे, भज्यांचे घाणे, मौत का कुआं, धूळ. गड्डा यात्रेनंतरही बरेच दिवस चालतो, तेव्हा यात्रा हुकली तरी हा बघायला मिळतो. रात्री स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी, दोन्ही ठेवा.

शनिवार : मंगळवेढा

सोलापूर ते मंगळवेढा साधारण ५५ किलोमीटर. एसटी भरपूर आहेत, पण आत गावांत जायचं तर स्वतःची गाडी हवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मालदांडी ज्वारी उभी होती, डोक्याच्या वर, कणसं अजून हिरवी. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुष्काळात बादशहाचं धान्यकोठार लोकांना खुलं करणारे दामाजीपंत याच गावचे. भाऊ म्हणाले, "जिल्ह्यातला पयला देणगीदार. पर धान्य दुसऱ्याचं होतं."

दक्षिणेकडे गेलं की काळी जमीन मागे पडते, माळ लागतो आणि बोअरचं पाणी मचूळ होतं. पहिल्या गावात शिरताच पार, पाराला लागून ग्रामपंचायत आणि तिला लागून पाणी शुद्ध करायच्या मशीनची निळ्या पत्र्याची खोली. खोलीवर ग्रॅनाइटचा बोर्ड : कंपनीचं नाव, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, तारीख. सोनेरी अक्षरं अजून करकरीत. दार तारेने बांधलेलं. पाच रुपयांचं नाणं टाकायच्या खाचेत कुणीतरी चिंधी कोंबली होती. आत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, आणि फिल्टरच्या उभ्या पांढऱ्या नळकांड्यांमध्ये गांधीलमाश्यांनी घर केलेलं. आम्ही दार उघडल्यावर त्या बाहेर आल्या, आम्हीही.

सरपंचांनी चहा मागवला आणि कहाणी सांगितली. मशीन चांगलं चाललं दोनेक वर्षं. मग मेम्ब्रेन गेलं. कंपनीला फोन केला, तर म्हणे मशीन बसवणाऱ्या संस्थेला विचारा. संस्था म्हणाली, आमचं काम संपलं, हस्तांतर झालंय. हस्तांतराच्या कागदावर सही आधीच्या सरपंचांची, आणि ते आता विरोधी गटात. वीजबिल थकलं, मीटर काढून नेला. आता तालुक्याहून जारवाला टेम्पो येतो. सरपंचांच्या घरातही त्याचाच जार होता.

मेम्ब्रेन हा आरओचा, म्हणजे पाण्यातला खारेपणा काढणाऱ्या मशीनचा, आतला पडदा. पाणी खारं असेल तर दोन-तीन वर्षांत बदलावाच लागतो, त्यात अनपेक्षित काहीच नाही. आता दुसरीकडचं गणित बघा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. चालू प्रकल्प म्हणून काम लांबवायचं तरी सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे पहिलं मेम्ब्रेन मरतं आणि प्रकल्पाची मुदत संपते, ते साधारण एकाच सुमाराला. दुसऱ्या मेम्ब्रेनचे पैसे कोणाचे, हा प्रश्न ज्या दिवशी पडतो त्या दिवशी उत्तर द्यायला गावात संस्थेचं कुणीच उरलेलं नसतं.

भाऊंनी मात्र सरपंचांचं ऐकून घेतलं आणि पलीकडच्या घरात गेले. "वहिनी, पाणी द्या की जरा." पाणी आलं, मग बोलणंही. "पारावर दिवसभर बाप्ये बसलेले. त्यांच्यापुढनं कळशी घेऊन कोण जाईल? पोरांना धाडायचं. पोरं नाण्याचं कुरकुरं खाऊन येत्यात. आमाला इचारलं असतं तर शाळंजवळ घाला म्हणलो असतो." प्रस्तावाच्या फाइलमध्ये ग्रामसभेचा ठराव जोडलेला होता, तोही एकमताने मंजूर. त्या ग्रामसभेला या वहिनी होत्या का, असं विचारलं. "सही हाय की माझी. घरी आणलं होतं वही."

दुसरं गाव तिथून पंधराएक किलोमीटर. तसंच मशीन, कंपनी वेगळी, आणि चालू. मारुतीच्या देवळामागे, वरची आळी आणि खालची वस्ती यांच्या बरोबर मधोमध. चालवतो महिलांचा बचत गट. वीस लिटरचा जार सात रुपये, त्यातला एक रुपया वेगळ्या खात्यात. त्या खात्याचं नावच बायकांनी "मेम्ब्रेन" ठेवलंय. आरओ अर्धंअधिक पाणी बाहेर टाकतो, ते इथे धुण्याभांड्याच्या हौदात सोडलंय.

मी इतिवृत्ताची वही मागितली. गटाच्या अध्यक्षा जरा ओशाळल्या. "नका वाचू ताई, त्यात नुसती भांडणं हायती."

होतीच. "जागेच्या विषयावर खालच्या वस्तीचा विरोध नोंदवण्यात आला." "सभा तहकूब." "पैसे घेऊन पाणी देण्यास अमुक अमुक यांनी हरकत घेतली." "सभा तहकूब." एका पानावर हौद कोणाच्या दाराशी येणार यावरून दोघांची नावं खोडून पुन्हा लिहिलेली. या सगळ्यात कंपनीचा मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट, हुकला. त्या वर्षीचे पैसे भलत्याच गावाला गेले. संस्थेचा तरुण कार्यकर्ता रडकुंडीला आला होता म्हणे, पण येत राहिला. पुढच्या वर्षी पैसे आले तेव्हा जागा, दर, किल्ली कोणाकडे, ज्या दोन म्हाताऱ्यांकडे पैसे नाहीत त्यांचं काय, सगळं ठरलेलं होतं. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "पैसे गेले त्या गावात कुणी भांडलंच न्हाई बघा. आमी म्हणत होतो, किती शाणी माणसं."

जेवण त्यांच्याच घरी. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची आमटी, वांगं, आणि उखळात कुटलेली शेंगाचटणी, तेल सुटलेली. कडक भाकरी आमटीत कुस्करून पाच मिनिटं दम धरायचा असतो. मी धरला नाही, दाढेने तक्रार केली.

तुम्हालाही असं काही बघायला जायचं असेल तर दोन गोष्टी. बोर्ड बघू नका, वीजबिल मागा. मीटर कोणाच्या नावावर आहे आणि शेवटचं बिल कोणी भरलं, यात निम्मा अहवाल असतो. आणि ज्यांनी तुम्हाला गावात बोलावलं त्यांच्याशिवाय निदान एका घरी पाणी मागा.

परतताना भाऊ जुन्या दिवसांवर आले. १९९० च्या दशकातल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच पैसे. पद्धत चांगली होती. पण चराईबंदीचा ठराव करणारे जमीनवाले आणि शेळ्या भूमिहीनांच्या. "एकमत म्हणजे कुणाचं, ते बघायचं असतं," भाऊ म्हणाले आणि एका उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला लागले. मी डोळे मिटून घेतले.

रविवार : शहर

सोलापूरचा पूर्व भाग वेगळंच गाव आहे. पाट्या मराठीबरोबर तेलुगूत, यंत्रमागांचा खडखडाट, दारात रंगवलेल्या सुताच्या लडी. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण मागांवर आता टॉवेलच जास्त दिसतात. चादर घ्यायची असेल तर विणकर सोसायटीच्या किंवा जुन्या दुकानातून घ्या, रस्त्यावर "सोलापुरी" म्हणून काहीही खपवतात.

एका विडी कामगार काकूंच्या घरी गेलो. पानं भिजवून मऊ केलेली, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापत होत्या, बोलताना हात थांबत नव्हते. शेजारी शिवणयंत्र. त्यावर भरतकामाचं आच्छादन, आच्छादनावर टीव्ही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने परदेशी निधीतून इथे पर्यायी रोजगाराचं काम केलं होतं. तंबाखूपासून सुटका, शिवणवर्ग, प्रत्येकीला यंत्र. हेतू वाईट म्हणता येणार नाही, तंबाखूची धूळ छातीत जाते हे काकूही सांगतात.

"क्लास चांगला होता. समद्या गल्लीला ब्लाऊज शिवायला आलं. मग शिवायचं कुणाचं?" काकू हसल्या. विडीचं तसं नाही. पान-तंबाखू कारखाना देतो, हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, फंड कापला जातो, पोरं सांभाळून घरी होतं. हे सगळं सोडून यायचं तर समोर काय, हे क्लास काढणाऱ्यांनी बायकांना विचारलं होतं का? "फॉर्म भरून घेतलं. 'शिवण आवडते का?' हो म्हणलं. आवडतंच की."

संस्थेबद्दल भाऊ मात्र तितके कडक नव्हते. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा द्यायला बंदी झाली. गावपातळीवरच्या छोट्या संस्था मोठ्यांकडून मिळणाऱ्या तुकड्यावर चालायच्या, त्या बसल्या. जी मुलगी बायकांना बाजार शोधून देणार होती, तिचा पगार त्यातच होता. यंत्र घ्यायला देणगीदार मिळतात, त्या मुलीच्या पगाराला मिळत नाहीत. हे माझ्या ट्रस्टलाही लागू आहे, आणि मी ते अहवालात लिहिलंय.

दुपारी कुंभारीला गेलो. गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांची १० हजार घरं. १ सप्टेंबर २००६ ला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. हे सरकारी पैशाचं काम, देणगीचं नव्हे. पण बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, गृहनिर्माण संस्था काढली, स्वतःचा हिस्सा भरला. आज घरांना वरचे मजले चढलेत, ओट्यावर वाळवणं, दुकानं, क्लासेस, भांडणं. मूळ आराखडा ओळखू येत नाही, इतकी ती घरं त्यांची झालीत. शेजारी रे नगर उभं राहिलंय, तिथल्या १५ हजार घरांचं हस्तांतर १९ जानेवारी २०२४ ला झालं. पाणी आणि बसच्या तक्रारी दोन्हीकडे ऐकल्या, मोठ्या हक्काने केलेल्या.

संध्याकाळी सिद्धेश्वर. तळ्याच्या मधोमध देऊळ, एका बाजूला भुईकोट किल्ला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन हे तळं खोदलं आणि शहराभोवती ६८ लिंगं स्थापली, असं परंपरा सांगते. यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, आणि ते कोणी धरायचे याचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले. पांढऱ्या बाराबंदीतली मुलं महिना-महिना सराव करतात. काठी प्रचंड उंच आणि जड, कंबरेला बांधलेल्या पट्ट्यावर तोलायची. देवळातल्या एका मानकऱ्यांना विचारलं, मुलं नोकरीला पुण्याला गेली तर? "येत्यात की रजा काढून. आपली काठी दुसऱ्यानं धरली तर?" त्यांना हा प्रश्नच समजला नाही असं दिसलं.

रात्री भाऊंच्या शेतावर हुरडा. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे, शेंगाचटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. हुरड्याचा मोसम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. सोलापूरभोवती हुरडा पार्ट्यांची शेतं पुष्कळ आहेत, शनिवार-रविवारी आधी फोन करून जा. मालदांडीचा दाणा भाकरीला नंबर एक, हुरड्याला गुळभेंडीसारखं खास वाण गोड, हे भाऊंच्या सौ. नी मला दोन्ही खायला घालून पटवलं. मालदांडी ३५-१ ची निवड मोहोळच्याच संशोधन केंद्रातली, म्हणून भाऊ थोडे नाराज झाले.

सोमवार : बार्शी

सकाळी धुकं, मग लख्ख ऊन. बार्शी सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर. वाटेत सुर्डीला थांबायचं ठरलं होतं, २०१९ च्या सत्यमेव जयते वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत राज्यात पहिलं आलेलं बार्शी तालुक्यातलं गाव. पण टायर बसला आणि पंक्चरवाल्याकडे तास गेला, त्यामुळे राहिलं.

बार्शीला मला बघायचा होता तो कर्करोगाचा इतिहास. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय इथे १९८० च्या दशकात उभं राहिलं आणि १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथून सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातली नोंदणी दवाखान्यातल्या कागदांवर चालते. इथे बाई-माणसं दवाखान्यात पोचतच नव्हती, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन बोलायचे, लक्षणं सांगायचे, संशयित रुग्णाला तपासणीला आणायचे. नोंदणी पुढे दशकानुदशकं चालली.

त्याच पायावर १९९९ पासून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. गेट्स फाउंडेशनचा पैसा, ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या तपासणी धोरणांत वापरलं गेलं. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे बराच वादही झाला. तो वाद मला गैरलागू वाटत नाही. ज्यांच्या अंगावर प्रकल्प होतो त्यांना किती सांगितलं होतं, हा प्रश्न पाण्याच्या मशीनपेक्षा इथे जास्त जड आहे.

आरोग्याच्या कामासाठी गावं फिरलेल्या, आता घरी असलेल्या एका मावशींशी भेट झाली. त्या म्हणाल्या, "पयल्यांदा गेलं की कागद काढायचा न्हाई. निवडायला मेथी असली तर मेथी निवडायची. तिसऱ्या-चौथ्या खेपंला बाई आपणहून सांगती, मला अंगावरनं जातंय म्हणून." कोणत्या अहवालात या मेथीची नोंद होती का, विचारलं. त्यांनी मला खुळी समजून आणखी चहा दिला.

बार्शीत भगवंताचं देऊळ चुकवू नका, विष्णूचं भगवंत नावाने एवढं जुनं देऊळ सहसा दिसत नाही. दुपारी बारानंतर गर्दी कमी असते.

मंगळवार : परत

सकाळची हुतात्मा लवकर सुटते, सहाच्या आत स्टेशनवर पोचा. शेंगाचटणी घेताना मिक्सरची नको, कुटलेली मागा. तेल सुटतं म्हणून दुहेरी पिशवी.

अहवाल आठवडाभरात दिला. शिफारस एकच ठळक होती : या प्रस्तावाला पहिलं वर्षभर काहीही बांधायला पैसे देऊ नयेत. एका स्थानिक कार्यकर्तीचा पगार, प्रवासखर्च आणि सभांचा चहा, एवढंच द्यावं. मशीन पुढच्या वर्षी, तेही गावाने जागा, दर, किल्ली आणि मेम्ब्रेनचं खातं ठरवलं तर. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीत पाण्यासाठी बांधील हिस्सा असतो, त्यातून दुरुस्तीला काही ठेवायचा ठराव २६ जानेवारीच्या किंवा १ मेच्या ग्रामसभेत आधी व्हावा. आणि बायकांची सभा वेगळी, सह्यांची वही घरोघर न फिरवता.

बैठकीत एका विश्वस्तांनी चष्मा काढून विचारलं, "वर्षभर काहीच उभं राहणार नाही? मग वार्षिक अंकात फोटो कसले टाकायचे?"

"भांडणांचे," खजिनदारबाई म्हणाल्या. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.